थाई भाषेत ‘आहे’ कुठे आहे?

एक साधे वाक्य घ्या : ‘पाणी गरम आहे.’ आता त्यातला ‘आहे’ खोडून टाका. उरले ‘पाणी गरम’. अर्थ गेला का? नाही. न्हाणीघरातून आई ‘पाणी गरम!’ असे ओरडली, तर तुम्ही बादलीत हात घालण्यापूर्वी दोनदा विचार कराल. मग तो ‘आहे’ त्या वाक्यात करत काय होता?

‘पळतो’, ‘लिहितो’, ‘फोडतो’ हे शब्द उच्चारले की डोळ्यांसमोर काहीतरी घडते. ‘आहे’ म्हटल्याने काहीच घडत नाही. तो ‘पाणी’ आणि ‘गरम’ यांच्यामध्ये सांध्यासारखा बसतो, एवढेच. शाळेच्या व्याकरणात अशा क्रियापदाला अपूर्ण विधान क्रियापद म्हणतात. आपण या लेखापुरते त्याला ‘जोडक्रियापद’ म्हणू. त्याला अगदीच बिनकामाचे समजू नका. ‘होते’, ‘असेल’, ‘नसतील’ अशी रूपे घेऊन काळ आणि वचन सांगण्याचे काम तेच करते. पण जिथे काळाची फिकीर नसते, तिथे मराठीसुद्धा त्याला खुशाल रजा देते. ‘दुरून डोंगर साजरे’, ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ या म्हणींत क्रियापद शोधून दाखवा!

मग एखाद्या भाषेने त्याला कायमचीच रजा दिली तर? जगात अशा भाषा आहेत. रशियन भाषेत वर्तमानकाळात ‘मी शिक्षक’ एवढे म्हटले की वाक्य पुरे होते. पण आज आपण जी भाषा पाहणार आहोत, तिची तऱ्हा आणखी वेगळी आहे. तिने ‘आहे’ला रजा दिलेली नाही, त्याच्या एकट्याच्या डोक्यावरचे ओझे चार-पाच जणांत वाटून टाकले आहे. ही भाषा म्हणजे थाई.

थायलंडची राजधानी बँकॉक मुंबईपासून सुमारे ३००० किलोमीटरवर आहे. देशाची वस्ती सुमारे ७ कोटी. थाई भाषेत संस्कृत आणि पाली शब्दांची इतकी रेलचेल आहे की आपल्याला वाटावे, ही आपलीच कोणी चुलत बहीण. शिक्षकाला थाई लोक ‘ख्रू’ म्हणतात, तो आपला ‘गुरू’. ‘प्रथेत’ म्हणजे आपला ‘प्रदेश’. तिकडे त्याचा अर्थ ‘देश’ झाला आहे. व्याकरणाला शब्द आहे ‘वैयाकॉन’. पण हे सारे उसने आणलेले दागिने. भाषेचा सांगाडा अगदी निराळ्या कुळातला आहे. थाई क्रियापदाला पुरुष, लिंग, वचन, काळ यांपैकी कशाचाही प्रत्यय लागत नाही. मी जातो, ती जाते, आम्ही गेलो, ते जातील : सगळीकडे क्रियापद एकच, तेही न बदलता. काळ सांगायचा असेल तर ‘काल’, ‘पूर्वी’ असा एखादा शब्द घालायचा.

उच्चारांबद्दल दोन गोष्टी आधी सांगून ठेवतो. थाईमध्ये पाच सूर आहेत आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. ‘वत’ हा शब्द उंच सुरात म्हटला तर देऊळ. बँकॉकच्या नदीकाठचे ‘वत अरुण’ म्हणजे अरुणाचे देऊळ प्रसिद्धच आहे. तोच ‘वत’ खालच्या सुरात म्हटला तर सर्दी! देवनागरीत हे सूर दाखवण्याची सोय नाही, तेव्हा खाली दिलेले उच्चार अंदाजाचे समजा. दुसरी गोष्ट सोपी आहे. प आणि फ, क आणि ख यांतला फरक थाई कान काटेकोरपणे पाळतो. इंग्रज माणसाची इथे त्रेधा उडते. आपली उडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘पाणी गरम आहे’ हे थाईमध्ये कसे म्हणायचे?

‘नाम’ म्हणजे पाणी, ‘रॉन’ म्हणजे गरम. वाक्य झाले ‘नाम रॉन’. संपले! ‘बान’ म्हणजे घर, ‘यै’ म्हणजे मोठे. ‘बान यै’ म्हणजे घर मोठे आहे. मध्ये काही नाही, शेवटी काही नाही. तुम्ही विचाराल, ‘मग मोठे घर कसे म्हणायचे?’ तेही ‘बान यै’च. थाईत विशेषण नामाच्या मागून येते, त्यामुळे दोन्ही सारखेच दिसतात. संदर्भाने उलगडा होतो. आणि ‘नी’ म्हणजे ‘हे’ हा शब्द मध्ये टाकला, तर शंकेला जागाच राहत नाही : ‘बान नी यै’ म्हणजे ‘हे घर मोठे आहे’. ‘नी’पाशी ‘हे घर’ पुरे झाले. पुढे जे येईल ते त्या घराबद्दलचे विधान.

पण इथे ‘आहे’ गाळला आहे, असे म्हणायचे का? मराठी म्हणींत तो गाळलेला असतो. काळ बदला, की तो लगेच ‘होते’ बनून पुढे येतो. थाईत तो गाळलेला नाही, त्याची गरजच नाही. हे कशावरून? भाषेचे अभ्यासक अशा वेळी एक चाचणी लावतात. लिटमस कागद जसा आम्लात तांबडा होतो, तशी ही चाचणी. थाईत ‘मै’ म्हणजे ‘नाही’. हा ‘मै’ क्रियापदाच्या आधी बसतो. ‘किन’ म्हणजे खाणे; ‘मै किन’ म्हणजे खात नाही. आता तोच ‘मै’ गरमपुढे ठेवून पाहा : ‘नाम मै रॉन’, पाणी गरम नाही. अगदी शुद्ध थाई! पण ‘ख्रू’ म्हणजे शिक्षक या शब्दापुढे ठेवा : ‘मै ख्रू’. हे मात्र कोणीही थाई माणूस बोलणार नाही. म्हणजे ‘रॉन’ हा शब्द ‘किन’च्या पंक्तीला बसतो, ‘ख्रू’च्या नाही. ज्याला आपण विशेषण म्हणतो ते थाईत क्रियापदासारखे वागते. क्रियापद आधीच हजर असेल तर आणखी एक जोडक्रियापद कशाला आणायचे?

हे फार विचित्र वाटत असेल, तर मराठीतच पाहा. ‘पाणी तापले’, ‘आंबा पिकला’, ‘डोके दुखते’. इथे गुण किंवा अवस्था सांगायला आपणही सरळ क्रियापद वापरतो, आणि तिथे ‘आहे’ची वाट पाहत नाही. थाईने हाच मार्ग मोठे, लहान, गोड, थंड, चांगले या सगळ्यांसाठी स्वीकारला, एवढेच.

आता नामाकडे वळू. मुलगा स्वतःला ‘फोम’ म्हणतो. (या शब्दाचा दुसरा अर्थ डोक्याचे केस. लहान मुले स्वतःला ‘नू’सुद्धा म्हणतात, त्याचा मूळ अर्थ उंदीर!) ‘मी शिक्षक आहे’ हे ‘फोम ख्रू’ असे म्हणून भागत नाही, कारण दोन्ही नामेच, वाक्याला क्रियापद कुठले? इथे सांध्याची खरीच गरज पडते आणि ती भागवतो ‘पेन’. ‘फोम पेन ख्रू’. हा पेन म्हणजे आपली लेखणी नव्हे, बरे का! ‘तो चांगला आहे’ हे ‘खौ दी’, पण ‘तो चांगला माणूस आहे’ हे ‘खौ पेन खोन दी’. कारण ‘खोन’ म्हणजे माणूस हे नाम मध्ये आले. थाई शिकणारे परदेशी लोक सुरुवातीला ‘खौ पेन दी’ असे म्हणतात आणि ऐकणारे गालातल्या गालात हसतात.

‘पेन’ला ‘आहे’चा थाई अवतार समजून स्वस्थ बसू नका. त्याच्या अंगात बरेच काही आहे. बाजारात ‘प्ला पेन’ मिळतो. ‘प्ला’ म्हणजे मासा, आणि ‘प्ला पेन’ म्हणजे जिवंत मासा. ‘पेन’चा एक अर्थ जिवंत असणे असाही आहे. आपण नाही का विचारत, ‘तुझे आजोबा अजून आहेत ना?’ तिथल्या ‘आहेत’चा अर्थ हाच. शिवाय ‘खौ पेन वत’ म्हणजे त्याला सर्दी झाली आहे. शब्दशः ‘तो सर्दी आहे’ असा अर्थ लावून घाबरू नका. इथे ‘पेन’ आपल्या ‘होणे’च्या जागी आहे. म्हणूनच ‘पेन अराय?’ (‘अराय’ म्हणजे काय) या प्रश्नाचे चोख मराठी भाषांतर ‘काय झाले?’ असे होते. दवाखान्यातही हाच प्रश्न, आणि कोणी रुसून बसला तरी हाच. ‘मै पेन राय’ हे तर थायलंडात पाय ठेवल्याबरोबर कानी पडते : काही हरकत नाही, चालायचेच! आणि क्रियापदाच्या मागे ‘पेन’ लावला तर? ‘वाय नाम’ म्हणजे पोहणे, ‘वाय नाम पेन’ म्हणजे पोहता येते. शिकून अंगी आणलेली कला दाखवायला थाई लोक ‘पेन’ वापरतात. एवढासा शब्द, पण असणे, होणे, जगणे आणि येणे अशी चार घरची कामे करतो.

आता मला सगळ्यात आवडणारा शब्द : ‘खू’. (यातला ‘ऊ’ म्हणताना ओठ गोल न करता पसरट ठेवा, म्हणजे थाई उच्चाराच्या जवळ जाल.) इंग्रजी व्याकरणात याचाही अर्थ ‘आहे’ असाच देतात आणि मग ‘पेन’ कुठे, ‘खू’ कुठे, यावर पानेच्या पाने खर्ची घालतात. मराठी विद्यार्थ्याला ते एका ओळीत सांगता येते. हे वाक्य पाहा : ‘वैयाकॉन खू अराय?’ ‘वैयाकॉन’ म्हणजे व्याकरण, ‘अराय’ म्हणजे काय. आता मधल्या शब्दाचा अर्थ तुम्हीच सांगा. ‘व्याकरण म्हणजे काय?’ ‘खू’ म्हणजे ‘म्हणजे’! शब्दाला शब्द, क्रमही तोच. इतकेच नव्हे, तर बोलताना अडखळल्यावर आपण ‘म्हणजे... म्हणजे...’ करतो ना, तसे थाई माणूस ‘खू वा...’ करतो.

‘पेन’ आणि ‘खू’ यांतला भेद केवळ शैलीचा नाही. संचांचा धडा आठवा. ‘२ ही सम संख्या आहे’ याचा अर्थ, २ हा सम संख्यांच्या संचातला एक घटक आहे. हे वाक्य उलटे करून ‘सम संख्या ही २ आहे’ असे म्हटले तर मूर्खपणा होईल. पण ‘४ चे धन वर्गमूळ म्हणजे २’ हे उलटे करा : ‘२ म्हणजे ४ चे धन वर्गमूळ’. बरोबरच आहे. पहिल्यात वर्ग सांगितला, दुसऱ्यात एकरूपता. पहिल्याचे काम थाईत ‘पेन’कडे, दुसऱ्याचे ‘खू’कडे. बँकॉकला थाई लोक ‘क्रुंगथेप’ म्हणतात (त्यातला ‘थेप’ हा आपला ‘देव’). राजधानीला शब्द ‘म्युआंग लुआंग’. ‘क्रुंगथेप खू म्युआंग लुआंग खॉंग थाय’, म्हणजे ‘क्रुंगथेप म्हणजे थायलंडची राजधानी’, हे वाक्य उलटवता येते. ‘खू’च्या जागी ‘पेन’ घातला तरी वाक्य बरोबर होते. पण मग ते उलटवले तर कानाला खटकते.

बर्ट्रंड रसेल या गणिती तत्त्वज्ञांना हा भेद फार महत्त्वाचा वाटे. गणिताच्या तत्त्वज्ञानाची ओळख करून देणारे एक पुस्तक त्यांनी १९१८ साली तुरुंगात असताना लिहिले. ते १९१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात गुण सांगणे आणि एकरूपता सांगणे या दोन अगदी भिन्न कल्पनांसाठी माणसाने एकच ‘आहे’ वापरावा, याबद्दल त्यांनी चांगलाच त्रागा केला आहे. ‘नाम रॉन’ आणि ‘खू’ यांची त्यांच्याशी गाठ पडली असती, तर निदान थाई लोकांना त्यांनी या दोषातून मोकळे केले असते.

आता नकाराची गंमत. ‘खू’पुढे ‘मै’ कधीच बसत नाही. ‘म्हणजे’ला तरी नकार कुठे आहे? आपण ‘देवमासा म्हणजे मासा नव्हे’ असे म्हणतो. ‘न-म्हणजे’ असे काही म्हणत नाही. थाईतही नेमके तेच. ‘खू’ बाजूला होतो आणि त्याच्या जागी ‘मै छै’ येतो. ‘छै’ म्हणजे खरे, बरोबर. ‘मै छै’ म्हणजे आपला ‘नव्हे’. (गुजरातीतल्या ‘छे’शी त्याचे नाते जोडू नका. तो निव्वळ योगायोग आहे.) ‘मी शिक्षक नाही’ हेही बहुधा ‘फोम मै छै ख्रू’ असेच म्हणतात, ‘पेन’ ठेवायचाच असेल तर ‘मै दाय पेन’ असे जरा लांबवावे लागते.

आणखी दोन मानकरी राहिले. एखादी वस्तू किंवा व्यक्ती कुठे आहे हे सांगायला ‘यू’. ‘मॅ’ म्हणजे आई. ‘मॅ यू बान’, आई घरी आहे. ‘फोम यू क्रुंगथेप’ म्हणजे मी बँकॉकला असतो. आपणही ‘काका पुण्याला असतात’ म्हणतो तेव्हा ‘राहतात’ असेच सांगायचे असते. ‘किन खाव’ म्हणजे जेवणे (शब्दशः भात खाणे). त्याच्या शेवटी ‘यू’ लावून ‘किन खाव यू’ म्हटले, की अर्थ होतो ‘जेवत आहे’. चालू क्रिया दाखवायला आपण ‘आहे’ची मदत घेतो, ते ‘यू’ची घेतात. आणि काही अस्तित्वात आहे किंवा कोणाजवळ आहे हे सांगायला ‘मी’. ‘नै बान मी नाम’, घरात पाणी आहे. ‘फोम मी नांग्सू’, माझ्याकडे पुस्तक आहे. हा थाई ‘मी’ पाहून आपला ‘मी’ आठवतो खरा, पण तो सावरूनच वाचायला हवा.

या सगळ्यांची एकदम परीक्षा घ्यायची असेल, तर एकाच आंब्याला तीनदा नकार देऊन पाहावे. आंब्याला थाई शब्द ‘ममुआंग’, पिकलेला म्हणजे ‘सुक’.

हा आंबा नव्हे : ‘नी मै छै ममुआंग’.
आंबा पिकलेला नाही : ‘ममुआंग मै सुक’.
घरात आंबा नाही : ‘नै बान मै मी ममुआंग’.

तीन नकार, तीन रचना. मराठीत पहिला ‘नव्हे’ने वेगळा पडला, पुढचे दोन ‘नाही’त मिसळून गेले. हल्ली बोलताना आपण ‘हा आंबा नाही’ असेही सर्रास म्हणतो आणि ‘नव्हे’ लिहिण्यापुरता उरत चालला आहे. मला ते बरे वाटत नाही. हाताशी दोन हत्यारे असताना एक गंजू का द्यावे? आपल्या शेजाऱ्यांनी तसे केलेले नाही. गोव्याच्या कोकणीत ‘न्हय’ आणि ‘ना’ हे दोन नकार अगदी वेगळे आहेत. सोलापूर-कोल्हापूरकडच्या ज्या वाचकांच्या कानावर कन्नड पडते, त्यांना ‘अल्ल’ आणि ‘इल्ल’ माहीत असतील : ‘हे घर नव्हे’ सांगायला ‘अल्ल’, ‘पाणी नाही’ सांगायला ‘इल्ल’. अशा वाचकांना ‘मै छै’ आणि ‘मै मी’ यांतला फरक शिकवावा लागणारच नाही.

काही ठिकाणी थाई भाषा या सगळ्या मानकऱ्यांना घरी बसवते. वय सांगताना ‘फोम आयु सिप सॉंग पी’ : मी, आयु, बारा, वर्षे. त्यातला ‘आयु’ तुम्ही ओळखलाच असेल. वार सांगताना ‘वन नी वन चन’ : हा दिवस, चंद्राचा दिवस; म्हणजे आज सोमवार. या ‘चन’च्या लिहिण्यात ‘चंद्र’मधल्या ‘द्र’ची अक्षरे अजून जपून ठेवलेली आहेत. फक्त त्यांच्यावर एक लहानशी खूण असते, आणि ती सांगते, ‘आम्हाला वाचू नका’. वय आणि वार या गोष्टी रोजच्या, ऐकणाऱ्याच्या अंगवळणी पडलेल्या. तिथे सांधा नसला तरी काही निखळत नाही.

आता शाळेच्या दारात दोन थाई मुले बोलत आहेत. त्यांचे बोलणे मी भाषांतर न करता देतो. एकच सांगतो : वाक्याच्या शेवटी येणारा ‘मै’ वेगळ्या सुराचा असतो आणि तो आपल्या ‘का?’चे काम करतो. ‘खै’ म्हणजे ताप. बाकी सारे शब्द तुमच्या ओळखीचे झाले आहेत.

‘ख्रू यू मै?’
‘मै यू.’
‘ख्रू पेन अराय?’
‘पेन वत.’
‘मै छै वत. पेन खै!’